पोच



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या घरी, त्यांच्या पश्चात सुमारे वर्षभराने, मी गेलो असता त्यांच्या पत्नीने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून माझ्यापुढे उघडली आणि "ह्यातलं विद्यापीठाचं काय आहे ते तुम्हीच बघा, मला त्यातलं काही कळत नाही," एवढेच बोलून त्या चहाचे बघायला आत गेल्या. ट्रंकेत कागद होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत सरांनी विद्यापीठाला जे जे लिहिले त्या प्रत्येक अर्जाची स्थळप्रत वर्षवार लावून, दोऱ्याने ओवून, त्यांनी जपून ठेवली होती. बहुतेक प्रतींच्या उजव्या कोपऱ्यात आवक विभागाचा जांभळा गोल शिक्का, त्यात क्रमांक, तारीख आणि कोणा लिपिकाची आखूड सही. एका गठ्ठ्यातील प्रतींचे कोपरे मात्र कोरे होते. ते सर्व अर्ज एकाच पावसाळ्यातले होते.

सर वनस्पतिशास्त्राचे. आंबोलीपासून भीमाशंकरापर्यंत सह्याद्रीचा घाटमाथा वीस-बावीस वर्षे पायांखाली घालून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाबून वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभा केला होता. प्रत्येक नमुना जाड पांढऱ्या कागदावर शिवलेला, कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर झाडाचे नाव, ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव. ज्या खोलीत ही कपाटे होती तिच्या छतातून एका जून महिन्यात पाणी झिरपू लागले. पहिला अर्ज तीन ओळींचा आहे. जुलैतला एक पानाचा आहे. ऑगस्टमधल्या अर्जात सरांनी खोलीचा नकाशा काढून गळती कोठे आहे ते बाणाने दाखवले आहे आणि छताचे काम होईपर्यंत निदान कपाटे हलवण्यास दोन शिपाई मिळावेत, अशी विनंती केली आहे. विभागप्रमुख म्हणाले, "बघू." कार्यालयाने अर्ज ठेवून घेतला, पण पोच साहेब आल्यावर मिळेल असे सांगितले. बांधकाम विभाग म्हणाला, वरून लेखी आल्याखेरीज आम्ही शिडी लावत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाटे उघडली तेव्हा कागद कागदाला चिकटला होता, त्यांवर करड्या बुरशीचा थर चढला होता, आणि चिठ्ठ्यांवरची शाई पसरून नावे गेली होती.

ह्या गठ्ठ्यात एकच कागद असा होता की ज्याला जावक क्रमांक होता, तारीख होती आणि सहीही होती. तो सरांनी लिहिलेला नव्हता. तो सरांना आलेला होता. विद्यापीठाच्या मालमत्तेची हेळसांड झाल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये, ह्याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा, अशा आशयाची ती कारणे दाखवा नोटीस होती. सरांनी खुलासा दिला, सोबत तिन्ही अर्जांच्या प्रती जोडल्या. उत्तर आले की असे अर्ज आवक नोंदवहीत आढळत नाहीत. प्रकरण पुढेही गेले नाही आणि बंदही झाले नाही. सरांच्या पदोन्नतीचा विषय निघेल तेव्हा तेव्हा ते कोणीतरी टेबलावर काढून ठेवी, आणि विषय पुढच्या बैठकीवर जाई.

आपल्या विद्यापीठांतील नोकरीच्या ठिकाणाविषयी मला आज जे सांगावयाचे आहे ते त्या कोऱ्या कोपऱ्यांत आहे. विद्यापीठात माणसाला जो जाच होतो तो कोणा दुष्टाच्या दुष्टपणामुळे होतो, असे नोकरीच्या आरंभी मलाही वाटत असे. पस्तीस वर्षे शिक्षक, विभागप्रमुख आणि काही काळ परीक्षा विभागाचा प्रभारी अधिकारी म्हणून काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, जेथे हुकूम तोंडी दिला जातो, नकार मौनाने दिला जातो आणि अर्जाची पोच मिळत नाही, तेथे सज्जन माणूसही कालांतराने जाच करू लागतो, आणि जेथे प्रत्येक निर्णयाखाली कारण व सही असते तेथे दुर्जनालाही हात आखडता घ्यावा लागतो. सर ज्या विद्यापीठात होते त्याचे आणि मी ज्यात होतो त्याचे नाव मी घेणार नाही, कारण नाव घेतले की ऐकणारे दोषाचे ओझे त्या एका नावावर टाकून मोकळे होतात.

ह्या दुखण्याचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या जन्मातच आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे निघाली ती तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. म्हणजे शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, निकाल लावावा, पदवी द्यावी. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या हाती समाजशास्त्राचा विभाग आला तो १९१९ मध्ये. मधल्या साठ-बासष्ट वर्षांत विद्यापीठ म्हणजे मुख्यत्वेकरून एक दप्तर होते. ते दप्तर वाईट होते असे मी म्हणत नाही. त्या विद्यापीठाचा पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास लिहिणारे डोंगरकेरी हे तेथल्या दप्तराचेच मानकरी होते, कुलसचिव होते, आणि पुढे १९५८ मध्ये निघालेल्या मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. लेखणीला आणि नोंदीला जपणारी माणसे त्या दप्तराने निर्माण केली. परंतु शिक्षक मागाहून आला आणि दप्तर आधीचे होते, त्यामुळे विद्यापीठ हे कोणाचे घर आहे आणि त्यात पाहुणा कोण, ह्याविषयीचा एक समज तेव्हाच रुजला आणि पुढे निघालेल्या विद्यापीठांनीही तो वारसा म्हणून उचलला. पुढे त्या जुन्या दप्तराची शिस्त गेली आणि त्याचा तोरा तेवढा राहिला. नोंदवही राहिली, पण तिच्यात काय नोंदवायचे आणि काय नाही हे साहेबांच्या मर्जीवर आले.

हा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो, ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. बोटाचा ठसा घेणारी यंत्रे येण्यापूर्वीची एक गोष्ट सांगतो. एका विभागात हजेरीपट प्रमुखांच्या टेबलाच्या खणात कुलुपात असे. प्रमुख दहा चाळीसला येत. त्याआधी आलेल्यांनी बाहेरच्या बाकावर बसावे, आणि त्यांच्यानंतर दोन मिनिटांनी आलेल्याची रजा लागावी. हा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. ज्यांच्यावर प्रमुखांचा लोभ होता त्यांच्यासाठी खण दुपारीही उघडे. सकाळी सात वीसचा तास घेऊन आलेल्या एका अध्यापिकेला मी त्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली पाहिली आहे. ती शिकवून आलेली होती आणि दप्तराच्या दृष्टीने ती अजून कामावर रुजू झालेली नव्हती. बाकीच्या गोष्टीही ह्याच मापाच्या: वेळापत्रक रात्री बदलावयाचे आणि सकाळी विचारावयाचे की तासाला गैरहजर का, रजेचा अर्ज मंजूरही करावयाचा नाही आणि नामंजूरही, चर्चासत्राला जाण्याची परवानगी गाडी सुटून गेल्यावर द्यावयाची. ह्यांपैकी एकेका गोष्टीची फिर्याद घेऊन कोणी गेला तर ऐकणारा म्हणेल, एवढ्या क्षुल्लक गोष्टीचे काय घेऊन बसलात. ते खरेही आहे. परंतु चार वर्षे रोज एक याप्रमाणे त्या झाल्या म्हणजे धडधाकट माणूस जिना चढताना थांबतो, आणि वर कोण कोण आले आहे ह्याचा कानोसा घेतो.

स्वीडनमध्ये काम करणारे मूळचे जर्मन मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी १९८० च्या दशकात ह्याच क्षुल्लक गोष्टींचा अभ्यास केला. त्यांनी व्याख्या केली ती अशी की, एका व्यक्तीला लक्ष्य करून निदान आठवड्यातून एकदा आणि निदान सहा महिने जे वैरभावाचे वर्तन केले जाते, ते नुसते भांडण नव्हे, तो छळ होय. त्यासाठी त्यांनी 'मॉबिंग' हा प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून आलेला शब्द वापरला. दिवसाउजेडी झाडावर बसलेल्या घुबडाभोवती कावळे जमतात, आळीपाळीने झेपावतात, ओरडतात, आणि ते उडून जाईपर्यंत त्याची पाठ सोडत नाहीत, हे आपल्यापैकी खेड्यात वाढलेल्यांनी पाहिलेले आहे. तो शब्द अशाच दृश्यासाठी होता. १९९३ मध्ये स्वीडनने कामाच्या ठिकाणच्या अशा छळाविरुद्ध नियम केला. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ केनेथ वेस्टहूज यांनी पुढे प्राध्यापकांच्याच बाबतीत ह्या प्रकाराचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. प्राध्यापकाची बढती, संशोधनाचा निधी आणि नावलौकिक हे तिन्ही सहकाऱ्यांच्या अभिप्रायावर अवलंबून असतात, म्हणून त्याला घेरणे सोपे जाते, असे माझा अनुभवही सांगतो.

आणि हे केवळ मनाचे दुखणे नव्हे. लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा जो दीर्घ अभ्यास मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झाला, त्यात असे दिसून आले की आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक. खण कुलुपात ठेवणाऱ्याला आपण कोणाच्या काळजाशी खेळतो आहोत ह्याची कल्पना नसते.

आता, ज्यांचा आवाज आणखीच खाली आहे त्यांच्याकडे वळतो. तासिका तत्त्वावर शिकवणारा शिक्षक हा आजच्या महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा कणा झाला आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पात्रता परीक्षा उत्तीर्ण, अनेकदा विद्यावाचस्पती, आणि मोबदला घेतलेल्या तासांपुरता. सुट्टीत काही नाही, आजारपणात काही नाही, आणि पुढच्या जूनमध्ये आपल्याला बोलावतील की नाही हे मे अखेरपर्यंत ठाऊक नाही. अशा माणसाला छळण्यासाठी काही करावेच लागत नाही. काही न करणे पुरते. त्याचा अनुभवाचा दाखला अडवून ठेवला की पुरे. मुलाखत दोन दिवसांवर आली असताना दाखल्यासाठी तीनतीनदा खेटे घालणारा, "सर आज सही करणार होते ना?" असे लिपिकाला अजिजीने विचारणारा तरुण मी ज्या ज्या वर्षी पाहिला त्या त्या वर्षी मला वाटले की सही करायला अर्धे मिनिट लागते. संशोधक विद्यार्थ्याची अवस्थाही अशीच. त्याची छात्रवृत्ती, त्याचा सहामाही प्रगती अहवाल, प्रबंध सादर करण्याची परवानगी, सारे एका सहीपाशी अडते; मार्गदर्शक मनाने उमदा असेल तर ती पाच वर्षे आयुष्यातील सर्वोत्तम, आणि नसेल तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. स्त्रियांच्या बाबतीत लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आला, अंतर्गत समित्या आल्या, आणि त्यामुळे निदान एक दार असे झाले की ते ठोठावल्याची नोंद होते. इतर जाचासाठी असे खास दार नाही.

हे सारे करणारा विभागप्रमुख कोण असतो? बहुधा तो वाईट माणूस नसतो. तो चांगला संशोधक असतो, निदान एके काळी असतो, आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने एका सोमवारी त्याच्या हाती किल्ल्या येतात. नव्या शिक्षकासाठी उद्बोधन वर्ग आहेत, जुन्यासाठी उजळणी वर्ग आहेत, १९८७ पासून त्यांच्यासाठी संस्था उभ्या आहेत. पण चौदा माणसांचे काम, रुसवे, रजा आणि स्वप्ने सांभाळावयाची कशी, हे प्रमुखाला कोणी नेटाने शिकवत नाही. त्याच्यावरचा अधिष्ठाता प्रभारी, कुलसचिव प्रभारी, परीक्षा संचालक प्रभारी. प्रभारी माणसाला सही करण्याचे भय असते, कारण उद्या मूळ पदावर परत गेल्यावर त्या सहीचा जाब त्यालाच द्यावयाचा असतो. म्हणून तो तोंडी बोलतो. आणि वरच्याने तोंडी सांगितले म्हणजे खालच्यालाही तोंडीच सांगावे लागते. असे ते भय पायरीपायरीने खाली उतरत उतरत शेवटी दारावरच्या शिपायापर्यंत येते, आणि शिपाई अर्ज घेऊन आलेल्या विद्यार्थ्यावर ओरडतो.

त्यात मोजणीची भर पडली. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकाच्या कामाला गुण देण्याची पद्धत आणली. हेतू वाईट नव्हता. मर्जीऐवजी माप यावे असाच तो होता. परंतु जेथे कारण लिहिण्याची सवयच नव्हती तेथे आकडा हा कारणाचा पर्याय होऊन बसला. निबंध वाचण्याची गरज उरली नाही, तो मोजला की झाले. आणि मोजण्यासाठीच निघालेल्या नियतकालिकांचे असे पीक आले की २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. आपल्या सहकाऱ्याचा निबंध वाचून "हे तुमचे चौथे पान फार चांगले आहे" असे सांगणारा प्रमुख मला नोकरीत एकदाच भेटला. मी तो निबंध अजून ठेवला आहे.

भयाच्या कारभारात चुका कमी होतात, असा एक भ्रम आहे. ह्या बाबतीत अमेरिकेतील एमी एडमंडसन यांचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. रुग्णालयातील परिचारिकांच्या निरनिराळ्या चमूंत औषधे देताना किती चुका होतात हे त्या १९९० च्या दशकात पाहत होत्या. ज्या चमूंचे नेतृत्व चांगले, तेथे चुका कमी असाव्यात अशी अपेक्षा. आढळले ते उलटे, चांगल्या चमूंत नोंदलेल्या चुका अधिक होत्या. खोलात गेल्यावर त्यांच्या ध्यानी आले की चांगल्या चमूंत चुका अधिक सांगितल्या जात होत्या. वाईट चमूंत माणसे गप्प होती.

हा अभ्यास मी वाचला तेव्हा मला माझ्या हातून झालेला एक अन्याय आठवला, आणि ज्या व्यासपीठावरून मी इतरांच्या दोषांविषयी बोलतो आहे त्याच व्यासपीठावरून तो सांगणे मला प्राप्त आहे. परीक्षा विभागाचा प्रभार माझ्याकडे असताना एक वरिष्ठ लिपिक रात्री साडेनऊला माझ्या खोलीत आला. दुसऱ्या दिवशी निकाल जाहीर व्हावयाचा होता. त्याच्या हातात गुणतक्ता होता आणि त्यावर त्याने तांबड्या पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली होती. "साहेब, ह्या रेघेखाली एक आसनक्रमांक सुटलाय. खालच्या सगळ्या मुलांचे गुण एक ओळ वर सरकलेत. माझ्या हातून झालंय." बेचाळीस विद्यार्थी होते. त्याने न सांगता निकाल लागला असता तर बेचाळीस घरांत दुसऱ्याच मुलाचे गुण गेले असते. आम्ही निकाल दोन दिवस थांबवला, तक्ता दुरुस्त केला. वृत्तपत्रांत विलंबाची बातमी आली, आणि वरून मला दूरध्वनीवर सांगण्यात आले की कोणावर तरी कारवाई झालेली दिसली पाहिजे. मी म्हणावयास हवे होते की हे मला लेखी द्या. मी म्हटले नाही. मी त्या लिपिकाला निष्काळजीपणाचे ज्ञापन काढले, आणि ते त्याच्या सेवापुस्तकात लागले.

पुढच्या दोन परीक्षांत माझ्याकडे एकही चूक सांगायला कोणी आले नाही. सर्व सुरळीत आहे, असे मी वर कळवत होतो. मग विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवल्या आणि बेरजेच्या, नोंदीच्या, राहून गेलेल्या पुरवण्यांच्या चुका बाहेरून आत येऊ लागल्या.

मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये जे घडले त्याकडे मी ह्याच नजरेने पाहतो. त्या उन्हाळ्यात ४७७ परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकाच हंगामात संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरले; यंत्रणेची तयारी अपुरी, शिक्षकांचे प्रशिक्षण घाईचे; कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांचे प्रवेश अडचणीत आले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात बोलणे झाले ते एका व्यक्तीविषयी आणि एका यंत्रणेविषयी. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. एवढ्या मोठ्या विद्यापीठात "हे ह्या हंगामात होणार नाही" हे ज्यांना कामाच्या अनुभवावरून आधी कळू शकत होते अशी माणसे शेकड्यांनी असणार; अशा माणसाने आपले म्हणणे कागदावर मांडावे, त्याला आवक क्रमांक मिळावा आणि कोणीतरी कारणासह उत्तर द्यावे, अशी वाट आपल्या कोणत्या विद्यापीठात खुली आहे?

आपल्याकडे ही वाट कधीच नव्हती असे मात्र नाही. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत पुढच्या पाच-सहा वर्षांत आजीव सभासदांमध्ये जे कलह झाले ते आजच्या कोणत्याही विभागातील कलहाहून सौम्य नव्हते. टिळक, आगरकर, गोखले ही माणसे एकाच संस्थेत होती. सभासदाने संस्थेच्या पगारावर राहावे की बाहेर मिळकत करावी, गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घ्यावे की नाही, ह्यांवरून मने इतकी दुभंगली की १८९० साली टिळक संस्था सोडून गेले. परंतु जाताना त्यांनी सविस्तर राजीनामापत्र लिहिले, आरोप नावानिशी व मुद्देसूद मांडले, आणि संस्थेने ते दप्तरी ठेवले. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपण दोन्ही पक्ष वाचू शकतो आणि आपले मत बनवू शकतो. टिळकांचे चुकले असे मानणारे आहेत, बरोबर होते असे मानणारे आहेत. सरांच्या बाबतीत उद्या कोणी निवाडा करावयाचे ठरवले तर दप्तरात फक्त नोटीस सापडेल.

कायद्याची वाण आहे असे कोणी समजू नये. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात तक्रार निवारण समिती आहे, न्यायाधिकरण आहे. सरकारी कचेऱ्यांसाठी राज्याचा कायदा सांगतो की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्यापाशी सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. माहितीच्या अधिकाराखाली ३० दिवसांत उत्तर मिळावयाचे असते. गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त यांच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु ह्या सर्व दारांशी जाण्यासाठी माणसाच्या हातात एक कागद लागतो, आणि तो कागदच त्याला मिळू न देणे हे ह्या कारभाराचे मर्म आहे. शिवाय पंधरा वर्षे ज्यांच्यासोबत चहा घ्यावयाचा आहे त्यांच्याविरुद्ध न्यायाधिकरणात जाणे ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणून ती कोणाला सुचवू नये.

तेव्हा ह्या सभागृहात जे विभागप्रमुख, प्राचार्य, कुलसचिव कार्यालयातील अधिकारी बसले आहेत, आणि मला त्यांतले काही चेहरे ओळखीचे दिसत आहेत, त्यांच्यापाशी माझे मागणे फार थोडे आहे. आपल्यापुढे येणारा अर्ज कितीही चुकीचा, उर्मट, अवेळी असो, त्याच्या प्रतीवर शिक्का मारून ती परत द्या. नकार द्यावयाचा तर द्या. पण दोन ओळींत कारण लिहा आणि खाली आपले नाव लिहा. वरून तोंडी हुकूम आला तर नम्रपणे म्हणा की दोन ओळींचे टिपण पाठवावे. आणि नव्याने लागलेल्या सहकाऱ्यांना, तासिकेवरच्यांना विशेषकरून, मी सांगेन की सरांसारखी ट्रंक ठेवा. ती लढण्यासाठी लागेलच असे नाही. आपल्याला जे वाटले ते खरोखरच घडले होते, आपले डोके फिरले नव्हते, हे स्वतःला पटवण्यासाठी ती लागते.

त्या लिपिकाचे राहिले. तो त्या ज्ञापनासकट निवृत्त झाला. ज्ञापन मागे घेण्याविषयी मी नंतर लिहिले, पण तोवर माझ्याकडचा प्रभार गेला होता आणि माझ्या टिपणाचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्याचे घर शोधत गेलो. झालेली सर्व हकीकत, दूरध्वनीसुद्धा, दोन पानांवर लिहून नेली होती. चूक निदर्शनास आणणाऱ्या माणसाला मी शिक्षा केली आणि तो अन्याय होता, असे त्यात शेवटी स्वच्छ लिहिले होते. त्याने चष्मा लावला, पत्र दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले. मग मला विचारले, "साहेब, दुसरी प्रत आणलीय का?" आणली होती. ती त्याने गुडघ्यावर घेतली आणि उजव्या कोपऱ्यात "पोचले" असे लिहून खाली तारीख आणि सही केली.